आक्काची खोली

आमच्या घराच्या मागं पूर्वी गोठा होता. चार बैल, दोन म्हशी आणि वरच्या माळ्यावर कडबा. त्या जागेवर आज माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची खोली आहे. गोठा गेला आणि आक्काची खोली आली, पण या दोन्हीच्या मधे त्या जागेवर भाड्याच्या पाच खोल्या होऊन गेल्या. त्यातल्या तीन अजून उभ्या आहेत. दोन मी स्वतः उभा राहून पाडल्या. त्याची ही हकीकत.

आमचं गाव चऱ्होली बुद्रुक. इंद्रायणीच्या अलीकडं बुद्रुक, पलीकडं खुर्द. बुद्रुक हवेली तालुक्यात, खुर्द खेड तालुक्यात. लहानपणी आम्हाला दोन्ही गावं एकच वाटायची. नदीला पाणी चढलं की पलीकडच्या सोयऱ्यांची गाठ पडायची नाही, एवढाच काय तो फरक. आता फरक कागदाचा झाला. १९९७ साली आमचं गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेलं. खुर्द बाहेर राहिलं, आणि २०१५ पासून ते पीएमआरडीएच्या हद्दीत आहे. त्यामुळं एकाच नदीच्या दोन काठांवर एकाच नावाच्या दोन गावांत घर बांधायचं, तर अर्ज दोन वेगळ्या दारांत.

महापालिका यायच्या आधी परवानगी नव्हती असं लोक म्हणतात. ते खरं नाही. परवानगी होती, फक्त ती कागदावर नव्हती.

१९८५ साली माझं लग्न ठरलं तेव्हा घरात आई-वडील, आम्ही तिघं भाऊ आणि थोरल्या वहिनी. निजायला जागा म्हणून ओसरी, आणि कार्तिकीला आळंदीला आलेले वारकरी उतरले की तीही भरलेली. वडील म्हणाले, गोठ्याच्या शेजारी एक खण वाढवू. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन शेजारच्या तात्यांकडं गेले. मला वाटलं चहाला चाललोय. तात्यांनी चहा दिला आणि मग विचारलं, "पन्हाळीचं पाणी कुणीकडं सोडणार?" वडील म्हणाले, "आमच्याच अंगणात." तात्या म्हणाले, "बरं. अन् गाडी वळंल का?"

त्याला वडलांनी तोंडानं उत्तर दिलं नाही. तात्यांनी स्वतःची बैलगाडी कडब्यानं भरली, आम्ही जिथं भिंत येणार तिथं दोरी धरून उभे राहिलो, आणि तात्यांनी गाडी गल्लीतून आत घालून वळवली. कडब्याच्या पेंढ्या दोरीला लागल्या. वडील काही न बोलता एक हात मागं सरकले. पुन्हा गाडी वळवली. लागली नाही. तिथं चुन्याची रेघ मारली. नंतर ग्रामसेवकानं नमुना नंबर ८ च्या रजिस्टरला खोली चढवली आणि घरपट्टी वाढली. बस, झालं बांधकाम.

वडील १९९१ साली वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली, त्यात आक्काचंही लागलं. मग आमच्या चुलत्यांनी रीत सांगितली: बहिणीचं हक्कसोड घ्या, पुढं कटकट नको. आक्काला बोलावलं. पुरणपोळी केली, साडीचोळी केली. तालुक्याच्या कचेरीत तिनं चौथी शिकलेल्या अक्षरात सही केली. येताना एसटीत ती खिडकीला बसली होती. एवढंच म्हणाली, "आता माहेरी पावणी म्हणून यायचं." मी हसण्यावारी नेलं. त्या वेळी मला तीस वर्षंही पुरी नव्हती आणि बहिणीची सही म्हणजे शेताच्या कामातलंच एक काम वाटायचं.

पुढं गाव महापालिकेत गेलं, शेतं विकली जाऊ लागली. आम्ही भाऊ वेगळे झालो. वाड्याची जागा नावावर सामायिकच राहिली, पण मागचा भाग माझ्या वहिवाटीला आला. २००९ साली बैल विकले. गोठा रिकामा. तोवर भोसरीच्या कारखान्यांच्या जोडीला चाकणकडं कंपन्या भराभर उभ्या राहिल्या होत्या. लातूर, बीड, बुलढाणा, उत्तर प्रदेश, बिहार, कुठकुठली पोरं एकेक पत्र्याची पेटी घेऊन खोली विचारत गल्लीबोळात फिरायची. मी गोठा पाडला आणि दहा बाय दहाच्या पाच खोल्या बांधल्या. दोन गल्लीला लागून, तीन आत. विटा, वर पत्रा, पाचांना मिळून दोन संडास. तीन आठवड्यांत खोल्या उभ्या आणि चौथ्या आठवड्यात भरल्या.

खोल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून गल्लीकडची भिंत मी वडलांच्या चुन्याच्या रेघेपासून अडीच फूट पुढं घेतली. तात्या तोवर गेले होते. बैलगाडी कुणाकडंच राहिली नव्हती. मग विचारायचं कुणाला? समोरच्यानं पण दोन फूट पुढं घेतलं. बारा फुटाची गल्ली साडेसात फुटाची झाली. आम्ही दोघं रोज एकमेकांना राम राम करत होतो, आणि कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. दोघांनी खाल्लेलं होतं.

महापालिकेची परवानगी घ्यायची असते हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं. पण गावात कुणी घेत नव्हतं. मग शास्ती आली. ४ जानेवारी २००८ नंतरच्या विनापरवाना बांधकामाला मिळकत कराच्या दुप्पट दंड, असा कायदा होता. दर वर्षी बिल यायचं, त्यात कर एका ओळीत आणि शास्ती दुसऱ्या ओळीत. आम्ही कर भरायचो, शास्ती ठेवायचो. ती साठत गेली. पिंपरी-चिंचवडमध्ये कितीतरी निवडणुका या शास्तीवर लढल्या गेल्या. शेवटी २०२३ च्या मार्चमध्ये सरकारनं ती माफ केली, मूळ कर भरा या अटीवर. गावात पेढे वाटले. पण शास्ती गेली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नव्हतं. दंड गेला, खोली होती तशीच बिनकागदी राहिली. हे पुष्कळांना आजही कळलेलं नाही. मला कळलं ते आक्कामुळं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ ला, दाजी गेले. आक्काला एकच मुलगी, ती लग्न होऊन सांगलीकडं. सासरच्या घरात दिरांची पोरं मोठी झालेली. त्यांनी तिला जा म्हणलं नाही, पण राहा पण म्हणलं नाही. सहा महिन्यांनी ती एक पिशवी घेऊन आमच्याकडं आली, चार दिवसांसाठी. चार दिवसांचा महिना झाला. घरात माझा मुलगा, सून, नातवंडं. आक्का ओसरीवर निजायची आणि पहाटे चारला उठून आपली वळकटी अशी गुंडाळून ठेवायची, की रात्री इथं कुणी निजलं होतं हे दिसू नये.

ते बघून मी म्हणलं, "आक्का, तुला मागं एक खोली बांधतो."

ती म्हणाली, "मला जागा मागायची न्हाई रं. मी सही दिलीया."

"जागा कुठं देतोय? खोली देतोय."

मुलगा म्हणाला, "पप्पा, ठेकेदाराला फोन करू का? तीन आठवड्यांत उभी राहील." मीही हो म्हणणार होतो. तेवढ्यात आक्कानं विचारलं, "अन् उद्या कुणी पाडाया आलं, तर म्या कुठं जायाचं?"

तिनं सहज विचारलं होतं. नोटिसा तिनं आमच्याच भिंतीवर चिकटलेल्या बघितल्या होत्या. पण मला उत्तर देता आलं नाही. भाड्याची खोली पडली तर माझं भाडं बुडणार होतं. आक्काची खोली पडली तर आक्काचं सगळंच जाणार होतं. एकदा तिची सही घेऊन तिचं घर आम्ही काढून घेतलं होतं. दुसऱ्यांदा द्यायचं तर बिनकागदाचं कसं द्यायचं?

मी ठरवलं, परवानगी घेऊन बांधायचं.

आधी वाटलं शेतात बांधावी. जमीन महसूल कायदा १९६६ चा, त्यात शेतघराची व्याख्या आहे. अवजारं, वैरण, धान्य ठेवायला, जनावरं बांधायला, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या माणसांना किंवा गड्यांना राहायला बांधलेलं घर ते शेतघर. वाचून बरं वाटलं, कायद्यात आपला गोठा आहे. पण शहराच्या हद्दीत त्याला आधी परवानगी लागते आणि जमीन ४० गुंठ्यांच्या वर असावी लागते. माझी राहिलीय ३२ गुंठे. त्यात खालचा तुकडा नदीच्या निळ्या रेषेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम नाहीच. आमच्या आज्याला या रेषा माहीत नव्हत्या, पण त्यानं त्या तुकड्यात कधी खोपसुद्धा घातली नव्हती.

मग परसच राहिलं. भोसरीच्या एका तरुण आर्किटेक्ट मुलीला बोलावलं. ती माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं टेप धरली, फोटो काढले आणि ओसरीवर बसून मला शिकवलं. २ डिसेंबर २०२० पासून राज्याची एकच नियमावली झालीय, मुंबई सोडून बहुतेक सगळीकडं तीच. तिच्यात चटई क्षेत्र असतं. मी म्हणलं, चटई म्हणजे निजायची? ती हसली, म्हणाली, "तसंच समजा काका. जागा केवढी आणि तिच्यावर मजले धरून बांधायची परवानगी केवढी, त्याचं गणित." आमच्या जागेवर चटई शिल्लक होती. आक्कापुरती सहज होती. अडचण दुसरीच निघाली.

"काका, या पुढच्या दोन खोल्या रस्त्यात आहेत."

"रस्त्यात कशा? माझ्या वडलांच्या जागेत आहेत."

तिनं खडूनं गल्लीच्या मधोमध रेघ ओढली. म्हणाली, गावठाणातली गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल, तर गल्लीच्या मध्यापासून दोन्हीकडं सव्वादोन सव्वादोन मीटर सोडून बांधायचं. म्हणजे आज नाही तरी पुढं कधीतरी, जुनी घरं पडतील आणि नवी होतील तशी गल्ली साडेचार मीटरची होईल. मी मनात फूट केले. पावणेपंधरा. तिनं टेप सोडली आणि माझ्याच भिंतीच्या आत, खोलीच्या दाराजवळ खूण केली. मी म्हणलं, एवढी रुंद गल्ली कशाला? ती म्हणाली, "अँब्युलन्स यायला नको? आगीचा बंब वळायला नको?"

गाडी वळंल का? तात्यांनी विचारलं होतं तेच ही पोरगी विचारत होती. तात्यांनी कडबा भरला होता, हिच्याकडं टेप होती. आणि दोघांच्या मधली सदतीस वर्षं मी कुणाचंच ऐकत नव्हतो.

आणि तेव्हा मला दाजींची नाही, तर आमच्या आईची आठवण झाली. २०१४ ला तिला रात्री झटका आला तेव्हा अँब्युलन्स मोठ्या रस्त्यावर उभी राहिली होती. आईला आम्ही खाटेवरून नेलं. वळणावर खाट आडवी जाईना म्हणून तिरकी केली, आणि ती तशात "पडते रे" म्हणून ओरडली. त्या वळणाची भिंत माझी होती. हे त्या रात्री मला सुचलं नाही. आठ वर्षांनी टेप धरलेल्या मुलीसमोर सुचलं.

आतल्या तीन खोल्या दंड भरून नियमित करता येण्यासारख्या होत्या. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी तसा कायदा झालेला आहे. रस्त्यात येणाऱ्या दोन मात्र कशातच बसत नव्हत्या. त्या पाडल्याशिवाय नवा नकाशा मंजूर व्हायचा नाही. दोन खोल्यांचं मिळून महिना सात हजार भाडं येत होतं. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. सून म्हणाली ते खोटं नव्हतं: "आत्यांना आपल्यातच ठेवू की. आपण काय त्यांना टाकून देतोय का?" पण ओसरीवरची गुंडाळलेली वळकटी मी बघितली होती.

एका खोलीत चार पोरं होती. त्यांनी आठवड्यात दुसरीकडं बघितलं. दुसरीत लातूरचं एक कुटुंब. तो चाकणला कंपनीत ठेकेदाराकडं कामाला, बायको चार घरी पोळ्या करायची, मुलगी पहिलीत. सहा वर्षं राहिले होते. भाडं कधी चुकवलं नाही. आक्का आल्यापासून ती पोरगी तिच्यापाशीच बसायची, तिला आजी म्हणायची. मी त्याला खोली सोडायचं सांगितलं तेव्हा तो उभाच राहिला. म्हणाला, "शेठ, आमचं काही चुकलं का?"

मी म्हणलं, तुमचं नाही, माझं चुकलं. त्याला ते कळलं नसावं. अनामत परत दिली, दोन महिने भाडं घेतलं नाही, टेम्पो करून दिला. ते मोशीला गेले. तिथली खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना लोखंडी, बाहेरून. ती खोली तरी कागदावर असेल का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारून काय करणार होतो? आक्काला मी जी धास्ती नको म्हणत होतो, त्याच धास्तीत ते माणूस सहा वर्षं माझ्या पत्र्याखाली राहिलं आणि मला महिन्याच्या महिन्याला पैसे देत राहिलं. चऱ्होलीत, मोशीत, चिखलीत, तळवड्यात अशा किती खोल्या असतील. कारखान्यांनी माणसं बोलावली, निजायची सोय आम्ही गाववाल्यांनी केली, आणि ती करताना सोय आणि कमाई यातली रेघ आम्ही आमच्या बाजूनं पुढं सरकवली.

परवानगीला चौदा महिने लागले. त्यातले नऊ आमच्याच घरच्या सह्यांना गेले. जागा सामायिक, म्हणून भावांच्या आणि पुतण्यांच्या संमत्या पाहिजेत. एक पुतण्या नाशिकला, एक अमेरिकेत कॅलिफोर्नियात. नाशिकवाला म्हणाला, नंतर आत्या हक्क सांगेल. मी म्हणलं, सांगितला तर तो तिचाच होता. त्यावर तो दोन महिने फोनला आला नाही.

कॅलिफोर्नियातल्या पुतण्यानं लगेच संमती पाठवली आणि वर सांगितलं, "काका, इकडं पण हेच चाललंय." तिकडं घरं इतकी महाग झालीत की सरकारनंच २०१७ पासून कायदे सैल करत आणले. घराच्या मागं छोटं दुसरं घर बांधायला गावानं आडकाठी करायची नाही, अर्ज पुरा असेल तर साठ दिवसांत निकाल द्यायचा. लोक त्याला आजीचं घर म्हणतात, कारण पुष्कळदा आई किंवा आजीच तिथं राहते. मला नवल वाटलं. एवढा मोठा देश, आणि गाडं शेवटी म्हातारीला कुठं निजवायचं यावरच अडलं!

मोजणी झाली, नकाशा मंजूर झाला, जोत्याची तपासणी झाली. २०२३ च्या दिवाळीनंतर भोगवटा पत्र हातात आलं. खोली बारा बाय चौदाची, आत ओटा, मोरी, स्वतंत्र संडास. दार गल्लीकडं ठेवलं, आमच्या घरातून नाही. ते आक्कानंच सांगितलं. म्हणाली, "माझ्याकडं कुणी आलं तर तुझ्या सुनेला उठाया नगं." गल्ली आमच्या बाजूनं मोकळी झाली. समोरच्याची भिंत अजून आहे तिथंच आहे. तो मला म्हणाला, "तू येड्यावानी सात हजार सोडलं." पण परवा त्याच्याकडं लग्नाचा मंडप होता, तेव्हा मंडपवाल्याचा टेम्पो माझ्या मोकळ्या जागेतूनच आत आला. तेव्हा तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

२०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले पाडले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला होता. त्यातल्या लोकांनी आयुष्याची पुंजी घातली होती. टीव्हीवर ते चाललं होतं तेव्हा आक्का आमच्याकडं चहाला आली होती. बघता बघता ती उठली आणि आपल्या खोलीकडं गेली. मला वाटलं घाबरली. थोड्या वेळानं मागं गेलो, तर तिनं पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढून मांडीवर घेतला होता. भोगवटा पत्राची झेरॉक्स.

"ह्यो हाय न्हवं?" म्हणाली.

"हाय."

"मग बरं." आणि पुन्हा घडी घालून ठेवला.

जागेचं मी पुढं काय करायचं ते ठरवलंय. तिची सही परत देता येत नाही, पण ती आहे तोवर खोली तिची, असं भावांसमोर लिहून ठेवलंय. विजेचा मीटर मात्र आधीच तिच्या नावानं घेतला. मी ना-हरकत लिहून दिली. सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्यानंतर माहेरच्या गावात तिचं नाव असलेला तो पहिला कागद. पहिलं बिल आलं तेव्हा ती ते घेऊन माझ्याकडं आली. मला वाटलं नाव दाखवायला आली असेल. तर म्हणाली, "एकच बल्ब अन् एक पंखा लावते मी, एवढं बिल कसं काय आलं? जा, जाऊन भांड त्यांच्याशी."